कीर्तन लाइव्ह दाखवताना तासाभराने चित्र का अडकतं?

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. रात्री ७ ते ९ कीर्तन, शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. दोन वर्षं आम्ही ते यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. हँडीकॅम, त्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं कॅप्चर कार्ड, लॅपटॉपवर ओबीएस (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर), आणि मोबाइलचा हॉटस्पॉट. १०८०पी, ६० फ्रेम, ४५०० बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट पाठवायचे तो आकडा) ठेवतो. पहिला तासभर ठीक चालतं, मग गोल फिरायला लागतं. चित्राचे चौकोन पडतात, आवाज घुमतो. बाहेरगावची आणि परदेशातली मंडळी तक्रार करतात. मंडळाने ६० हजार मंजूर केलेत. कोणता कॅमेरा घ्यावा?"

कॅमेरा घेऊ नका. तुमचा हँडीकॅम या कामाला पुरेसा आहे. तुम्ही तीन तक्रारी एका दमात लिहिल्या आहेत, पण त्यांची कारणं तीन आहेत आणि त्यातलं एकही कॅमेऱ्यात नाही. गोल फिरतं, कारण डेटा पोहोचत नाही. चौकोन पडतात, कारण जेवढे बिट्स तुम्ही देताय तेवढ्यात ते चित्र बसत नाही. आवाज घुमतो, कारण तो चुकीच्या जागेवरून घेतलाय.

आधी तो "पहिला तासभर". तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. हिशेब करून बघा. व्हिडिओचे ४५०० आणि आवाजाचे १२८ मिळून सेकंदाला ४६२८ किलोबिट. तासाचे सेकंद ३६००. गुणून ८ ने भागलं (८ बिटचा एक बाइट) की होतात साधारण २.०८ जीबी. तुमचं सिम रोज २ जीबीच्या प्लॅनवर असेल, तर कोटा संपतो ५८व्या मिनिटाला. त्यानंतर वेग इतका खाली येतो की व्हिडिओ सोडाच, नुसता आवाजही धड जाणार नाही. महाराजांचं निरूपण रंगात यायची वेळ आणि तुमचा डेटा संपायची वेळ एकच. सिम कुठल्या प्लॅनवर आहे, हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा आहे का, हे आज संध्याकाळीच तपासा. अशी प्रकरणं मी इतकी पाहिली आहेत की आता कोणी "तासाभराने बिघडतं" म्हटलं की आधी रिचार्ज विचारतो आणि मग सेटिंग.

पण नुसता मोठा रिचार्ज मारून भागणार नाही, कारण खरी परीक्षा काल्याच्या दिवशी असते. माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. एका गावात आदल्या दुपारी रिकाम्या मंडपात मी अपलोड, म्हणजे बाहेर पाठवायचा वेग तपासला, १८ एमबीपीएस (सेकंदाला १८ मेगाबिट) आला. निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पंचक्रोशीतून माणसं आली, मंडप भरला, बाहेर रस्त्यापर्यंत लोक उभे. प्रत्येकाच्या खिशात फोन, निम्मे लोक व्हिडिओ काढून लगेच पाठवतायत, आणि टॉवर गावाला एकच. अपलोड १ एमबीपीएसच्याही खाली गेला. गवळणी सुरू झाल्या तेव्हा स्क्रीनवर विणेकरी आजोबांचा चेहरा अर्धा गोठलेला होता, आणि दुबईत त्यांची लेक तेवढंच बघत बसली होती. हंडी फुटली ती तिला दिसलीच नाही. रात्री तिने फोन करून "बाबा वीणा घेऊन नाचले का हो?" एवढंच विचारलं. त्या दिवसापासून गर्दीच्या कार्यक्रमाला मी मोबाइलच्या नेटवर मुख्य भिस्त ठेवलेली नाही.

गावात केबलवाला फायबर देत असेल तर त्याला सप्ताहापुरती मंडपापर्यंत वायर ओढायला सांगा. बहुतेक जण सप्ताहाचं काम म्हटल्यावर आनंदाने करतात. ग्रामपंचायतीत किंवा शेजारच्या घरात जोडणी असेल तर तिथून लॅन केबल ओढा. चांगली कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत विनातक्रार चालते. वायफायवर राहू नका, मंडपातल्या शेकडो फोनांच्या गोंगाटात तेही गुदमरतं. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: राउटर आणि फायबरचा डबा विजेवर चालतात. लॅपटॉपला बॅटरी आहे, कॅमेऱ्याला आहे, पण लाइट गेली की नेट जातं आणि सगळं मुसळ केरात. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. मोबाइलचं सिम, तेही दुसऱ्या कंपनीचं, राखीव म्हणून ठेवा.

वेग तपासताना अपलोडच बघा, डाउनलोडचा आकडा आपल्या कामाचा नाही. तोही कीर्तनाच्याच वेळेला, सलग दहा मिनिटं. त्यात जो सगळ्यात कमी आकडा दिसेल त्याच्या निम्म्यावर तुमचा बिटरेट बसला पाहिजे. कमीत कमी ६ एमबीपीएस दिसत असेल तर ३ पाठवा. सरासरीला महत्त्व नाही, कारण तो खालचा आकडाच लाइव्ह पाडतो.

आता चौकोन. कॅमेऱ्यातून निघणारं कच्चं चित्र प्रचंड असतं. १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळपास १५०० एमबीपीएस. ते तुम्ही ४.५ मध्ये कोंबताय, म्हणजे तीनशेपटीहून जास्त दाबताय. हेच ७२०पी आणि २५ फ्रेमवर आणलं तर कच्चा आकडा २७६ च्या आसपास येतो, आणि ३ एमबीपीएसमध्ये बसवायला नव्वदपट दाबलं की झालं. कमी बिटरेट असूनही चित्र जास्त स्वच्छ दिसतं ते यामुळे. फोनच्या पडद्यावर स्वच्छ ७२०पी आणि फुटलेलं १०८०पी शेजारी शेजारी ठेवा, कोणीही ७२०पी निवडेल.

शिवाय तुमचे ६० फ्रेम खरे नाहीतच. आपल्याकडे विकले जाणारे हँडीकॅम सहसा ५० च्या हिशेबात चालतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा ५० देतोय आणि ओबीएस ६० मागतोय, म्हणजे दर सेकंदाला दहा फ्रेम नुसत्या दुबार लागतात आणि हालचाल अडखळते. सगळीकडे २५ ठेवा, कॅमेऱ्यात शटर १/५० ठेवा. मंडपातल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० वर बहुतेक ठिकाणी ते पट्टे सरकताना दिसणं थांबतं. हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसत असतील, तर कॅमेरा इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) चित्र देतोय. ओबीएसमध्ये त्या सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंग चालू करा.

दाबण्याची ही क्रिया कशी चालते हे थोडं समजून घेतलं तर मंडपात उभं राहून निर्णय घेता येतात. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारा भाग, एक फ्रेम पूर्ण पाठवतो, तिला की-फ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेममध्ये तो फक्त काय बदललं एवढंच सांगतो. महाराज एका जागी उभे, मागे टाळकऱ्यांची रांग, कॅमेरा स्टँडवर स्थिर: बदल थोडा, बिट्स पुरून उरतात. पण गुलाल उधळला की हवेतला कण न् कण प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतो. आधीच्या फ्रेमवरून काहीच ओळखता येत नाही, बिट्स संपतात आणि चौकोन उमटतात. मागच्या पडद्यावरची उघडझाप करणारी लाइटची माळही तेच करते, फरक एवढाच की ती दोन तास करत राहते. डेकोरेशनवाल्याला सांगून गादीच्या मागच्या माळा स्थिर ठेवायला लावा. याला एक रुपया लागत नाही आणि फरक पहिल्या मिनिटाला दिसतो. गुलालाच्या वेळी झूम-पॅन करू नका, कॅमेरा स्थिर धरा.

कमी उजेड हा दुसरा चोर. अंधार असला की कॅमेरा गेन वाढवतो, म्हणजे चित्र कृत्रिमरीत्या उजळवतो, आणि चित्रात बारीक दाणे येतात. डोळ्याला ते फारसे जाणवत नाहीत, पण एन्कोडरसाठी ते गुलालासारखेच, प्रत्येक फ्रेममध्ये नवे. म्हणून कॅमेऱ्याच्या पैशातून दोन चांगले एलईडी पॅनल घ्या, महाराजांच्या समोरून दोन्ही बाजूंनी थोडे उंचावर लावा, आणि गेन जेवढा खाली येईल तेवढा आणा. उजेड वाढवल्याने चौकोन कमी होतात हे ऐकून लोक चकित होतात, पण करून बघा. धोतर, नेहरू शर्ट, फेटा सगळं पांढरं असल्यामुळे एक्स्पोजर ऑटोवर सोडू नका, नाहीतर कपड्यांचा नुसता पांढरा डाग होतो. चेहरा बघून एक्स्पोजर लॉक करा. कपडे जरा दबले तरी चालतील.

ओबीएसच्या सेटिंगमध्ये एवढं ठेवा: आउटपुट १२८० बाय ७२०, २५ फ्रेम, एच.२६४, सीबीआर (स्थिर बिटरेट), ३००० बिटरेट, की-फ्रेमचं अंतर २ सेकंद, आवाज एएसी १२८, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. की-फ्रेमच्या रकान्यात मुळात शून्य म्हणजे ऑटो असतं, तिथे २ लिहा. यूट्यूब चित्राचे तुकडे करून पुढे पाठवतं आणि तुकडा की-फ्रेमवरच तुटतो. हे अंतर वाढलं तर बघणाऱ्याकडे अडखळतं. यूट्यूबच्या स्ट्रीम हेल्थमध्ये बिटरेट शिफारशीपेक्षा कमी असल्याची सूचना येऊ शकते, घाबरू नका. अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये नेट मंदावल्यावर बिटरेट आपोआप कमी करण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. चित्र दोन मिनिटं धूसर झालेलं चालतं, तुटलेलं चालत नाही.

एच.२६४ हा कोडेक, म्हणजे चित्र दाबण्याची पद्धत, २००३ सालचा. त्यानंतर एचईव्हीसी आणि एव्ही१ आले, ते कमी बिट्समध्ये जास्त करतात, पण लॅपटॉपला जड पडतात आणि तुमच्यासारख्या जोडणीत नव्या कटकटी आणतात. इथे जुनं तेच बरं. बघणाऱ्याचं नेट कमी असेल म्हणून तुम्ही आणखी खाली जायची गरज नाही. तुम्ही पाठवलेल्या एका धारेतून १४४पी पासून वरच्या प्रती यूट्यूब स्वतः बनवतं. लेटन्सी (लाइव्ह किती उशिराने दिसतं ते) मात्र नॉर्मल ठेवा. अल्ट्रा लो ठेवली की बघणाऱ्याच्या फोनला साठा करायला वेळच मिळत नाही, आणि जरासा झटका बसला की गोल फिरतं. कीर्तनात कोणी सामन्याचा शेवटचा चेंडू बघत नसतो. आपल्याकडे सात वाजता कीर्तन सुरू होतं तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. चहा घेत बसलेल्या माणसाला वीस सेकंद उशिराने दिसलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

कार्यक्रम चालू असताना ओबीएसची स्टॅट्सची खिडकी उघडी ठेवा. तिथे तीन आकडे असतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. नेटवर्कमुळे ड्रॉप झालेल्या फ्रेम वाढतायत: दोष नेटचा, बिटरेट उतरवा. एन्कोडिंग लॅगमुळे स्किप झालेल्या वाढतायत: लॅपटॉपच्या प्रोसेसरला झेपत नाही. तिथे एक्स२६४ ऐवजी ग्राफिक्स चिपचा एन्कोडर निवडा, इंटेलचा असेल तर क्विक सिंक, एनव्हिडियाचा असेल तर एनव्हेंक. रेंडरिंग लॅगमुळे मिस झालेल्या वाढतायत: ग्राफिक्सवर ताण आहे, फिरत्या पट्ट्या आणि चमकते लोगो काढा. हे तीन आकडे न बघता सेटिंग बदलणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

आता आवाज, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण कीर्तन हे मुळात ऐकायचं असतं. चित्र गोठलं तरी माणूस ऐकत राहतो. आवाज तुटला तर तो अर्ध्या मिनिटात उठतो. परदेशातले कितीतरी जण फोन ओट्यावर ठेवून काम करता करता ऐकतात.

तुमचा आवाज घुमतो कारण तो कॅमेऱ्याच्या माइकमधून येतोय. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेऱ्यापासून ३४ मीटरवर स्पीकर असेल तर त्याचा आवाज एक दशांश सेकंदाने मागे येतो. मंडपात स्पीकर चारही बाजूंना, त्यामुळे एकच शब्द चार वेळा थोडा थोडा मागेपुढे पोहोचतो. मंडपात बसलेल्याला हे जाणवत नाही, त्याचं मन ते जुळवून घेतं. माइकला मन नसतं. म्हणून आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधूनच घ्या, शक्यतो वेगळ्या ऑक्स आउटमधून (मिक्सरवरची आवाज बाहेर द्यायची वेगळी जोडणी). सप्ताह सुरू व्हायच्या आधी एक दिवस त्यांच्याशी बोलून ठेवा. ऐन वेळी गेलात तर माणूस कितीही भला असला तरी त्याच्याकडे वेळ नसतो.

मिक्सरची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसू नका. लाइनचा आवाज माइकच्या जागेला झेपत नाही, फाटतो. छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या आणि लाइन इनपुटला लावा. जनरेटरमुळे सतत "हम्म" असा गुंजारव आला तर मध्ये डीआय बॉक्स (वायरीत जोडायचा, असा गुंजारव तोडणारा छोटा डबा) टाकून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. मिक्सरमधून एकच वायर आली की आवाज नुसता डाव्या कानात जातो, म्हणून ओबीएसच्या ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये मोनोची खूण करा. मला पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं आणि हेडफोनवर ऐकणाऱ्या मंडळींनी आठवडाभर एकाच कानाने कीर्तन ऐकलं.

नुसत्या मिक्सरच्या आवाजात आणखी एक उणीव राहते. पखवाज आणि टाळ मुळातच मोठे वाजतात, म्हणून साउंडवाला त्यांचे माइक कमी ठेवतो. मंडपात ते बरोबर असतं, पण तुमच्याकडे महाराजांचा कोरडा आवाज येतो आणि "विठोबा रखुमाई"चा गजर सुरू झाला तरी घरी बसलेल्याच्या अंगावर काटा येत नाही. म्हणून टाळकऱ्यांच्या पुढे स्पीकरकडे पाठ करून एक वेगळा माइक लावा आणि तो मिक्सरच्या आवाजाखाली हलकासा मिसळा. ओबीएसचं नॉइज सप्रेशन मात्र काढून टाका. ते माणसाचं बोलणं ओळखून बाकीचं खाण्यासाठी बनवलेलं आहे. टाळ आणि वीणा त्याला कचराच वाटतात, ते झंकार गिळून टाकतं. निरूपण चालू असताना ओबीएसचा मीटर पिवळ्या पट्ट्यात खेळू द्या आणि गजरासाठी लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा फिल्टर) लावून ठेवा. शेवटी ओठ आणि आवाज जुळतायत का बघायला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. कॅप्चर कार्डातून चित्र जरा उशिरा येतं. जेवढा फरक दिसेल तेवढा सिंक ऑफसेट, म्हणजे उशीर, आवाजाला द्या.

लाइव्हबरोबर लॅपटॉपवर वेगळं रेकॉर्डिंगही करा, १०८०पी, १२ एमबीपीएसच्या आसपास. लॅपटॉपला दोन एन्कोडर झेपतात का ते आधी बघा, नाहीतर कॅमेऱ्याच्याच कार्डवर करा. दोन तासांचे साधारण ११ जीबी, सात कीर्तनं आणि काला मिळून ८७ जीबीच्या घरात, तेवढी जागा आधी मोकळी करा. फाइल एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच लॅपटॉप बंद पडला तर दोन तास पाण्यात जातात. एमकेव्ही बंद पडेपर्यंतचं सगळं वाचवते, आणि ओबीएसच्याच रीमक्समधून दोन मिनिटांत तिची एमपी४ होते. नंतर ही चांगली प्रत चॅनेलवर चढवा. पुढच्या वर्षी लोक तीच शोधतील.

यूट्यूबवर शेड्यूल करताना ऑटो-स्टॉप बंद ठेवा. तो चालू असला आणि नेट तुटलं, तर यूट्यूब कार्यक्रम संपला असं समजून लाइव्ह बंद करतं, आणि गावभर व्हॉट्सअॅपवर फिरलेली लिंक मेलेली निघते. नव्या चॅनेलला लाइव्ह सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. कीर्तनाआधी मंडपात भक्तिगीतांची कॅसेट किंवा पेनड्राइव्ह चालू असतो, तेव्हा तुमचा आवाज म्यूट ठेवा. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण त्याचं कोणी केलेलं ध्वनिमुद्रण आपल्या कायद्याने प्रसिद्धीनंतर ६० वर्षं मालकीचं असतं, आणि यूट्यूबची यंत्रणा ते लगेच ओळखते.

पैशांचं म्हणाल तर पॅनल, इंटरफेस, डीआय बॉक्स, राउटरचा यूपीएस, केबल आणि एक माइक हे सगळं मंजूर रकमेत सहज बसेल, उरेलही. सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी ७ ते ९ अनलिस्टेड (फक्त लिंक असणाऱ्यांना दिसणारं) लाइव्ह लावा. गावातल्या भजनी मंडळाला बसवा, पूर्ण दोन तास, मध्ये एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून बघा. मुंबईत एक आणि परदेशात एक माणूस ऐकायला बसवा. ते काय म्हणतात, आणि संपताना स्टॅट्समधले तीन आकडे किती होते, ते मला कळवा. रात्री उशीर झाला तरी चालेल, काल्यापर्यंत आपल्याकडे सुधारायला वेळ आहे.